भूतानची अर्धी खुर्ची आणि पन्हाळ्याची सहल

माझ्या मुलीला सुरक्षा परिषदेत निवडून यायचं होतं, म्हणून आम्ही कोल्हापूरला गेलो. दचकू नका. तिथल्या एका कॉलेजात संयुक्त राष्ट्रांची दोन दिवसांची अभिरूप परिषद होती. प्रत्येकाने एकेक देश व्हायचं आणि सुरक्षा परिषदेत ज्या फिरत्या जागा असतात, त्यांसाठी मतं मागायची. मृण्मयी भूतान झाली होती. डोंगरी देशांचं पाणी या विषयावरचं भाषण तिने महिनाभर घोटलं होतं आणि ते फक्त परिषदेच्या खुर्चीवरूनच करता येणार होतं. हरलात तर मागे बसून ऐकायचं.

पुण्याहून जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. हायवेची कामं चालू आहेत, त्यामुळे कधी पोचणार हे ड्रायव्हरला विचारून त्याला संकटात टाकू नका. लॉज स्टँडसमोरच मिळाला. गरम पाणी सकाळी येतं, एरवी आश्वासन येतं.

शनिवारी हॉलमध्ये पाहिलं तर कायमच्या पाच खुर्च्या यजमान कॉलेजच्याच पोरांनी धरल्या होत्या. मी शेजारच्या मुलीला विचारलं, "यांची निवडणूक कधी झाली?"

"ह्यांची निवडणूक नसतीय मावशी. ही हायतच."

ही स्नेहल. मूळची नेसरीची, शिकायला इथे हॉस्टेलवर. ती कझाकस्तान होती. आशियाची एकच जागा रिकामी असल्यामुळे तिची आणि मृण्मयीची थेट लढत होती. मतदान दुपारी होतं. सकाळी प्रचाराचं भाषण करायला मृण्मयी उभी राहिली, तेव्हा निम्मे देश जागेवर नव्हते. बाहेर दोन क्रूझर गाड्या उभ्या होत्या आणि स्नेहल दारात उभी राहून एकेक देश आत कोंबत होती.

"कुठे निघालात?"

"पन्हाळ्याला. मतदान होईस्तोवर मतदार हाताखाली नको ठेवाय? आमच्याकडं दूध संघाच्या निवडणुकीला बी असंच असतंय. तुम्ही बी चला की, एक सीट हाय."

मी गेले. पन्हाळा बघायचा राहिला होता, आणि आईला मत नसतं. गाडीने तासाभरात वर पोचता. तीन दरवाजा सावकाश बघा, घाईत बघण्यासारखी जागा नाही ती. चुलीवरचं पिठलं-भाकरी, ठेचा आणि दही पोटभर खाऊनही खिशाला जड जात नाही. आमचं बिल तर कझाकस्तानने भरलं. मतदारांचे फोन स्नेहलच्या सॅकमध्ये जमा होते आणि मीही शिस्त म्हणून माझा दिला. या लेखात फोटो नाहीत ते त्यामुळे.

दुपारी गुप्त मतदान झालं. जिंकायला दोन तृतीयांश मतं हवी होती आणि ती कुणालाच मिळेनात. पिठलं कझाकस्तानचं खाऊन बऱ्याच देशांनी मत भूतानला दिलेलं दिसत होतं. फेरीमागून फेरी झाली, तिढा सुटेना. शेवटी चहाची सुट्टी झाली आणि दोघी कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसल्या. मी शेजारच्या टेबलावर होते.

"असं कर," स्नेहल म्हणाली, "मी नाव मागं घेतो, तू बिनविरोध. उद्या जेवणापर्यंत तू बस. जेवण झालं की राजीनामा टाक, मग मी बसतो." (इथल्या पोरी स्वतःबद्दल असंच बोलतात, गोंधळू नका.)

खऱ्या परिषदेतही दोन देशांनी एक खुर्ची अशी वाटून घेतली आहे, असं मृण्मयीने मोठ्या विद्वत्तेने सांगितलं आणि हात पुढे केला. "शब्द दिला."

"आमच्या गावात राजीनाम्यावर आधीच सही घेत्यात, तारीख न टाकता. तुझ्याकडनं घेत न्हाय. पण उद्या दुपारी आमचं आप्पा यायला लागल्यात, कागलच्या एमआयडीसीतनं हाफ डे टाकून. तिथं रविवारी सुट्टी नसतीय. त्यांनी मला खुर्चीत बघाय पायजे, एवढंच."

रविवारी सकाळी मृण्मयी सुरेख बोलली. माझे डोळे भरून आले. जेवणात तांबडा-पांढरा रस्सा होता. आधी पांढरा प्या, मग तांबड्याकडे वळा. हात धुऊन हॉलमध्ये आले तर भूतान पुन्हा खुर्चीवर.

अध्यक्षांनी विचारलं, "भूतानला काही निवेदन करायचं आहे?"

"चर्चा नाजूक टप्प्यावर आहे," मृण्मयी म्हणाली. "अशा वेळी सातत्य राखणं भूतानला गरजेचं वाटतं."

कायमच्या पाचांनी बाकं वाजवली. सातत्याचं महत्त्व त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मागच्या रांगेत कंपनीच्या गणवेशातले एक गृहस्थ स्नेहलशेजारी येऊन बसले. तेच आप्पा, तिचे वडील. त्यांनी हळूच विचारलं, "तू कवा बसणार गं?"

"बसणार हाय आप्पा. जरा येळ हाय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मृण्मयीला खुणा केल्या, तिने पाहिलं आणि कागदात डोकं घातलं. आप्पा शेवटपर्यंत बसले. मृण्मयीला उत्कृष्ट प्रतिनिधीचं बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर मला म्हणाले, "तुमची पोरगी चांगली बोलली, ताई. परत आलासा तर जेवायलाच या," आणि आपला फोन नंबर दिला.

कोल्हापूरला दोन दिवस पुरत नाहीत, तीन काढा. माणसं तोंडावर बोलतात, हाताला धरून जेवायला बसवतात, आणि त्यांच्यापुढे आपण किती पाण्यात आहोत ते कळतं.

घरी आल्यावर मी मृण्मयीला विचारलं, "आप्पा दिसले होते ना तुला?"

"दिसले. पण आई, समजून घे. शब्द दिला तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

एकोणीस वर्षांची आहे ती. मला राग आला आणि थोडी भीतीही वाटली. मी आप्पांचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. "हेच त्यांना सांग."

पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?" भूतानच्या प्रतिनिधींना एक शब्द सुचेना.