मार्लनची रिपोर्टिंग डेट

"बँकॉकला मार्लन हवाय," केल्विन म्हणाला आणि त्याने फोन म्यूट केला.

मीटिंग रूममध्ये आम्ही तिघंच होतो. केल्विन आमच्या बास्केटबॉल क्लबचा जनरल मॅनेजर. कुठला खेळाडू घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवणारा माणूस. त्याच्या शेजारी कोच, साठीला टेकलेला ऑस्ट्रेलियन. आणि मी ऑपरेशन्स मॅनेजर. मी मूळची पुण्याची सीए. सिंगापूरला आले ती बँकेच्या नोकरीवर. या क्लबमध्ये नंतर आले. बास्केटबॉल मी जन्मात खेळलेले नाही. खेळाडूंचे करार, इथे राहून काम करायचे सरकारी पास, विमा, राहायचे फ्लॅट हे माझं खातं. थोडक्यात, मैदानाच्या बाहेर जे जे बिघडू शकतं ते सगळं माझ्याकडे.

आमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा सगळ्यात उंच खेळाडू, गुडघा दुखावून बसला होता. सीझन संपायला वेळ होता, पण ट्रेड डेडलाइन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. ट्रेड म्हणजे अदलाबदल. आमचा एक खेळाडू त्यांच्याकडे, त्यांचा एक आमच्याकडे, दोघांचे करार जसेच्या तसे. आमच्या लीगमध्ये खेळाडू सुरुवातीलाच लिहून देतो की लीगमधल्या कुठल्याही क्लबला पाठवलंत तर जाईन. त्यामुळे त्याला विचारायची गरज नसते. बहुतेक वेळा ट्रेड पक्का झाल्यावरच त्याला फोन जातो.

बँकॉककडे मिलान नावाचा सर्बियन सेंटर होता. कोच त्याच्यावर महिनाभर डोळा ठेवून होता.

"मार्लन दे," कोच म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "मला स्वतःला ते आवडणार नाही. पण दे."

मार्लन आमचा पॉइंट गार्ड. चेंडू घेऊन पुढे जाणारा, कुणाला कधी पास द्यायचा ते ठरवणारा. फिलिपिन्समधल्या सेबूचा. क्लब सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडे. माझी मुलगी इरा त्याच्या नंबरची जर्सी घालून झोपते.

"पगार जुळतात का?" केल्विनने मला विचारलं. अदलाबदलीत दोघांचे पगार साधारण सारखे असावे लागतात.

"जुळतात," मी म्हणाले. "पण ग्रेसचं काय?"

ग्रेस म्हणजे मार्लनची बायको. तिचे दिवस भरत आले होते. याआधी तिची दोन गरोदरपणं अर्ध्यावरच संपली होती. या वेळी डॉक्टरांनी तिला पूर्ण बेड रेस्ट सांगितली होती. हे मला माहीत होतं, कारण तिच्या हॉस्पिटलची विम्याची मंजुरी मीच आणली होती.

केल्विनने डोळे मिटून कपाळ चोळलं. "हा बास्केटबॉलचा निर्णय आहे."

"आहे ना. पण तो आपला कर्मचारी म्हणून इथे आहे. ट्रेड झाला की त्याचा पास रद्द. ग्रेसचा डिपेंडंट पास त्याच्या पासवर आहे, तोही रद्द. विमा त्याच दिवशी बंद. आणि तिला विमानात बसायची परवानगी नाही. कोणी कुठे जायचं?"

म्यूट केलेल्या फोनवर बँकॉकचा मॅनेजर सोमचाय दोनदा "हॅलो? हॅलो?" म्हणाला.

केल्विन वाईट माणूस नाही. त्याला तीन मुलं आहेत. त्याने फोन उचलून सोमचायला सांगितलं की विचार करून कळवतो, आणि मग माझ्याकडे वळला. "दुसरा खेळाडू देऊ करून बघितला. नको म्हणतात. ट्रेड नाही केला तर आपला सीझन इथेच संपला. तू मार्ग काढ. कॅन ऑर नॉट?"

मी म्हणाले, "बघते."

त्या संध्याकाळी क्लेमेंटीला घरी पोचले तेव्हा सुहास, माझा नवरा, भाजी चिरत होता. नावं न घेता मी त्याला सगळं सांगितलं. तो जुरोंग आयलंडवर रिफायनरीत इंजिनिअर आहे. इराच्या वेळी माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या प्लांटचं शटडाउन चालू होतं. मोठी दुरुस्ती, सगळ्यांच्या रजा बंद. तो पोचला तेव्हा इरा माझ्या कुशीत होती. सेफ्टी शूज तसेच पायात. दारातच उभा राहून तो रडला, आणि नर्सने त्याला आधी हात धुवायला पाठवलं.

"त्याला तेवढे दिवस थांबू द्या ना," सुहास म्हणाला. "ट्रेड होऊ दे. त्याचं जाणं पुढे ढकला."

"लीगचा नियम आहे. ट्रेडनंतर लगेच नव्या क्लबला रिपोर्ट करावं लागतं."

"प्रत्येक नियमाला खाली बारीक अक्षरात काहीतरी असतंच," तो म्हणाला आणि पुन्हा कांद्याकडे वळला.

होतं. दोन्ही क्लबांनी मिळून लीगला विनंती केली तर रिपोर्टिंग डेट पुढे नेता येते. तोपर्यंत खेळाडूच्या खेळण्याचा हक्क नव्या क्लबचा, पण नोकरी जुन्या क्लबची. म्हणजे पास चालू, विमा चालू. फक्त या काळात तो कोणाकडूनच खेळू शकत नाही. आमच्याकडे प्रॅक्टिसही करू शकत नाही, कारण तिथे त्याचा पाय मुरगळला तर नुकसान बँकॉकचं.

सकाळी सोमचायला फोन लावला. तो शांतपणे ऐकत राहिला.

"म्हणजे माझा सेंटर तुम्ही आज नेणार आणि तुमचा गार्ड मला बाळ झाल्यावर मिळणार," तो म्हणाला.

"बाळ झाल्यावर नाही. डॉक्टरांनी बाळाला विमानातून न्यायची परवानगी दिल्यावर."

सोमचाय हसला. बराच वेळ हसला. मग म्हणाला, "माझ्या मालकाला मी काय सांगू? बदल्यात काय देता?"

त्याला आमचा पुढच्या वर्षीचा पिक हवा होता. लीगमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते. कोणी कितव्या पाळीला निवडायचं ते ठरलेलं असतं, त्या पाळीला पिक म्हणतात. पिक देणं म्हणजे उद्याचा एक चांगला खेळाडू आजच दुसऱ्याच्या दारात सोडून येणं. केल्विनला ते फार लागलं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"देऊन टाक," कोच म्हणाला. "पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही मलाच माहीत नाही."

"मी असणार आहे," केल्विन म्हणाला. पण थोड्या वेळाने त्याने होकाराची मान हलवली.

माझी अजून एक अट होती. मार्लनला आधी सांगायचं, समोर बसून.

"आणि बातमी फुटली तर?"

"मार्लनकडून? केल्विन, तू त्याला ओळखतोस."

दुपारी केल्विन आणि मी क्वीन्सटाउनला गेलो. क्लबने त्याला तिथे फ्लॅट घेऊन दिला होता, जुन्या ब्लॉकमध्ये, पण हवेशीर. मार्लनने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात डाव होता. आलं घातलेली तांदळाची पेज शिजत होती. ग्रेस हॉलमधल्या दिवाणावर डाव्या कुशीवर पडलेली. आम्हाला दोघांना एकत्र बघून मार्लनचा चेहरा उतरला. जनरल मॅनेजर घरी कशाला येतो, हे खेळाडूंना कळतं.

"कुठे?" त्याने एवढंच विचारलं.

"बँकॉक," केल्विन म्हणाला. पुढे त्याला शब्द सुचेनात, म्हणून मी सगळं समजावून सांगितलं. पास, विमा, हॉस्पिटल, काहीही बदलणार नाही. बाळ होईल, डॉक्टर हो म्हणतील, मगच तिघांनी जायचं.

मार्लन खाली बघत होता. बोलली ती ग्रेस.

"मला एक सांगा. तुम्ही लोक त्याला टाकताय, की ते लोक त्याला मागतायत?"

केल्विन दिवाणाजवळ गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याला मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ते मागतायत," तो म्हणाला. "नाव घेऊन. आम्ही दुसरा खेळाडू देऊ केला होता, त्यांनी नाही म्हटलं. आणि मला त्याला द्यायचं नव्हतं."

ग्रेस त्याच्याकडे बघत राहिली. खरं बोलतोय का ते पारखत असावी. मग तिने मार्लनचा हात धरला. "चांगलं आहे. पेज बघ, खाली लागेल."

मार्लन आत गेला. बराच वेळ आला नाही. केल्विन उठायला लागला तर ग्रेसने मानेनेच नको म्हटलं. मार्लन परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता.

"प्रॅक्टिसला येऊ शकतो?"

"नाही," मी म्हणाले. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड वाक्य तेच होतं.

"नुसता कडेला बसून?"

"नाही रे. नियमात बसत नाही."

"मग मिलानला विमानतळावरून मी आणतो. तो तरी कुठे कोणाला ओळखतो इथे."

आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं. क्लबचा ड्रायव्हर जाणार होता.

ट्रेड डेडलाइनच्या आत मंजूर झाला. बातमी आली तशी इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत माझ्यावर तुटून पडली. "आई, हाऊ कॅन लाइक दॅट! ही इज मार्लन, लाह!" दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मला सगळं सांगता येत नव्हतं. सुहासने तिला समजावलं, कसं ते मला माहीत नाही.

मिलान चांगी विमानतळावर उतरला तेव्हा समोर मार्लन उभा होता, ज्याच्या बदल्यात तो आला होता तो माणूस. मिलानने नंतर मला सांगितलं, "मला वाटलं, हा मला मारायला आलाय." मार्लन त्याला थेट आपल्या नेहमीच्या हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, घेऊन गेला. फिशबॉल नूडल्स खायला घातल्या, कुठला स्टॉल तिखट आहे ते दाखवलं, एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, कार्ड घेऊन दिलं. वाटेत त्याला सांगितलं की आमचे कोच ओरडतात तेव्हा खूश असतात, गप्प बसले तर काळजी कर.

पुढचे काही आठवडे मार्लन पेज शिजवायचा, बायकोचे पाय चेपायचा आणि ब्लॉकखालच्या सार्वजनिक कोर्टवर एकटाच पळायचा. मिलान प्रॅक्टिस संपली की तिकडे जायचा. कोर्टवर उतरायचा नाही, कारण ते मी बजावून ठेवलं होतं. कठड्यावर बसून मार्लन सांगेल ते ऐकायचा. आमच्या टीममध्ये कोणाला पास कसा लागतो, हे तो त्या कठड्यावर शिकला.

मुलगी झाली. वेळेच्या थोडी आधी, पण ठणठणीत. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा मिलान तिथे आधीच पोचला होता. खुर्चीत मावत नव्हता. बाळ त्याच्या हातात दिलं होतं आणि तो श्वाससुद्धा जपून घेत होता. मार्लन शेजारी उभा राहून सांगत होता, "कोपर खाली. अजून खाली. आता ठीक." कोर्टवर सांगायचा त्याच सुरात.

तिघं बँकॉकला गेले त्या दिवशी केल्विन विमानतळावर आला. कोणी बोलावलं नव्हतं. येताना बाळाच्या मापाची आमच्या क्लबची जर्सी घेऊन आला. मार्लन म्हणाला, "ही तिथे घालता येणार नाही." केल्विन म्हणाला, "घरात घाल."

आमचा सीझन कसा गेला, ते सांगायला हवं. मिलान छान खेळला. आम्ही सेमीफायनलला पोचलो आणि हरलो. बँकॉक आमच्याही आधी बाहेर पडलं, पण पुढच्या सीझनला मार्लनने त्यांना सावरलं. आमच्या पिकवर त्यांनी जो मुलगा निवडला तो भलताच चांगला निघाला. आता तो आमच्याच विरुद्ध खोऱ्याने पॉइंट करतो. प्रत्येक वेळी केल्विन वळून माझ्याकडे बघतो. मी स्कोअरबोर्ड वाचत असते.

धंदा म्हणून बघितलं तर तो ट्रेड आम्हाला महाग पडला, हे मी कोणालाही सांगते. क्लबच्या संचालक मंडळासमोरही तसंच सांगितलं. मात्र तेव्हापासून एक गोष्ट बदलली. दुसऱ्या क्लबचा फोन येतो, कुणाचं तरी नाव निघतं, आणि केल्विन हो-नाही काही म्हणायच्या आधी फोन म्यूट करून मला विचारतो, "त्याच्या घरी सध्या कसं आहे?"

मला बहुतेक वेळा माहीत असतं. नसलं, तर मी आधी विचारून येते.