ॲलर्जीचा रकाना

गिरीराज जगताप भांडखोर माणूस नाही. बसवनगुडीतल्या त्याच्या गल्लीत कुणालाही विचारा, रिक्षावाल्याशीसुद्धा तो कधी चढ्या आवाजात बोलला नसेल. पण महादेवपुऱ्याच्या ऑफिसात त्याला काय म्हणतात? किरकिऱ्या गिरी! का, तर एका रकान्यासाठी तो वर्षभर सगळ्यांचं डोकं खातोय.

गिरीचं काम स्क्रीनची मांडणी करण्याचं. खिडकी लहानमोठी झाली की आतल्या कुठल्या चौकटीनं पसरायचं, कुठल्या चौकटीनं अंग चोरायचं आणि कुणी तसूभरही हलायचं नाही, हे तो ठरवतो. पंगतीत एखादा ऐसपैस मांडी घालून बसला की कडेच्याचे हाल होतात ना, तसंच असतं ते. एका हॉस्पिटलसाठी त्यानं नर्सांचा स्क्रीन केला. खाट, पेशंटचं नाव, औषधं आणि शेवटी ॲलर्जी.

हा शेवटचा रकाना अजिबात आकसता कामा नये, असं गिरीचं म्हणणं. त्याला कारणही तसंच होतं. त्याच्या आईला, भाग्यलक्ष्मीबाईंना, पेनिसिलिन चालत नाही. एकदा कुणीतरी न विचारता टोचलं, तेव्हा घसा सुजून त्यांचा श्वास बंद पडायची वेळ आली होती. गिरीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

पण डेमोच्या दिवशी हॉस्पिटलच्या डायरेक्टरांनी हौसेनं स्वतःचंच नाव टाकून बघितलं, आणि ते अर्ध्यात कापलं गेलं. झालं! साहेबांचा पारा चढला. गिरीचा मॅनेजर श्रीरंग, पुण्याहून आलेला, हुशार पण कायम घाईत. तो म्हणाला, "गिरी, नाव फुल दिसलंच पाहिजे. त्या कॉलमला हवी तेवढी स्पेस दे. बाकीचे होऊ देत श्रिंक."

"मग ॲलर्जी कापली जाईल की! नाव दोन ओळींत करू या."

"रांगा वरखाली होतात यार, घाण दिसतं. आणि माऊस नेला की पूर्ण दिसतंच ना?"

एका हातात सुई, दुसऱ्या हातात पेशंटचा दंड, मग माऊस काय नाकानं हलवायचा? गिरीनं हेही बोलून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी! चाचणी करणाऱ्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. सांगणारच! या शहाण्यांचा प्रत्येक पेशंट 'एबीसी', त्याची ॲलर्जी 'नाही', आणि मॉनिटर हा एवढा थोरला. शेवटी गिरीनं आईचं नाव टाकून खिडकी लहान करून दाखवली. नाव दिमाखात पसरलं. ॲलर्जीच्या जागी 'पे' आणि तीन टिंबं उरली. "असं क्वचित होतं रे," श्रीरंग म्हणाला, "पुढच्या रिलीजमध्ये बघू." तो पुढचा रिलीज अजून यायचाय.

गेल्या आठवड्यात आईच्या पायाची जखम चिघळली. घराजवळचं मोठं हॉस्पिटल तेच. दाखल करताना गिरीनं ॲलर्जी सांगितली, काउंटरवरच्या बाईंनी ती नीट लिहूनही घेतली. मग वॉर्डात नर्सच्या टेबलावर त्याची नजर गेली. जुना चौकोनी मॉनिटर, आणि त्यावर त्यानंच मांडलेला स्क्रीन. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एक अक्षर कापलेलं नाही. शेवटी 'पे' आणि तीन टिंबं.

स्वतःचं कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं त्याला. नुसता संताप संताप झाला. श्रीरंगला फोन लावला, तर तो मीटिंगमध्ये.

मग गिरीनं आईच्या खाटेशेजारी खुर्ची ओढली. पद्मावती नावाची नर्स सलाईन लावायला आली, तिला त्यानं कन्नडमध्ये सांगितलं, "सिस्टर, आईला पेनिसिलिन अजिबात चालत नाही." "सरी, अण्णा," म्हणत तिनं होकारार्थी मान हलवली. तिची ड्यूटी संपून दुसरी आली, तिलाही तेच सांगितलं. डॉक्टरांनाही सांगितलं. नुसती चादर बदलायला आलेल्या बाईलासुद्धा त्यानं सोडलं नाही. चहाला म्हणून खाली जाईना की जागचा हलेना.

अखेर आईला राहवेना. "किती रे तेच तेच! हसतात की लोक," ती म्हणाली. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं आवाज चढवला. "तू जा घरी, स्वल्प नीज. मला कसली भीती? इथल्या कॉम्प्युटरवरचं सगळं माझ्या लेकानंच केलंय."