मोठा आवाज आधी पोचत नाही

मंडळी, दुपारपासून घरात येरझारा घालतेय, म्हणून लिहूनच टाकते.

माझ्या नातीच्या, मीराच्या, ट्यूशनच्या पेपरात प्रश्न होता: आवाजाचा वेग कशावर अवलंबून असतो? तिनं लिहिलं, आवाज कशातून जातो त्यावर आणि तापमानावर. तो मोठा की लहान, यावर नाही. सरांनी लाल फुली मारून शेजारी लिहिलं, ‘मोठा आवाज जास्त वेगाने जातो.’

मी तिला घेऊन ऑटोनं थेट हूटगळ्ळीला, सरांच्या क्लासवर गेले.

“अय्यो अज्जी, आन्सर-कीत तसंच आहे,” सर म्हणाले.

“छापलेलं चुकत नाही का? तुम्ही स्वतः काय शिकलात?”

तेवढ्यात मीरा हळूच म्हणाली, “सर, आमच्या अग्रहाराच्या गल्लीत देवाच्या मिरवणुकीत ढोल आणि टाळ बरोबर वाजतात. ढोलाचा मोठा आवाज आधी पोचला असता, तर लांबच्या गच्चीवर आम्हाला ताल मोडलेला ऐकू आला असता.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सर तिला लाडानं म्हणाले, “ह्याला मार्क नाहीत, पुट्टी.”

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पट्टीनं मारायच्या, पण बरोबर उत्तराला कधी नाही.

परतताना मीरानं विचारलं, “आज्जी, सोमवारी हाच प्रश्न परत येणार आहे. खरं लिहू की मार्कांचं लिहू?”

जन्मभर माझी जीभ कधी अडली नाही. आज ऑटोत मी गप्प बसले, आणि सरांपेक्षा त्याचाच राग येतोय. सोमवारच्या आत तिला उत्तर द्यायचंय. तुम्ही काय सांगितलं असतंत?