माझ्या खुणेचा पंच

भिजलेल्या लोखंडाचा वास आला की मला लातूर एमआयडीसीतलं ते शेड आठवतं. तिथे गॅस साठवायच्या टाक्या बनायच्या आणि मी त्या तपासायचो. टाकीत पाणी भरून दाब चढवायचा, काटा ढळत नाही ना आणि जोड कोरडे आहेत ना ते पाहायचं, आणि मगच टाकीच्या पाटीवर आपल्या खुणेचा पंच, म्हणजे पोलादी ठसा, हातोडीने ठोकायचा. ज्याची खूण, त्याची जबाबदारी. मला हे शिकवलं निलंग्याकडच्या एका थोरल्या तपासनिसांनी. मी त्यांना काका म्हणायचो. मी परीक्षा पास झालो तेव्हा माझा पंच त्यांनीच घडवून आणला होता. एका दुपारी नांदेडला जायची टाकी दाबावर होती आणि गाडी दारात उभी होती. काका म्हणाले, “जा, दोन घास खाऊन घे. काट्याकडं मी हाय की. पंच ऱ्हाऊ दे हितंच, खिशात टोचल.” पंच तिथेच ठेवून गेलो. डबा खाऊन परत आलो, तर तळाच्या जोडातून पाणी पाझरत होतं. मी म्हणालो, “काका, हे गळतंय!” ते म्हणाले, “पुसलं की झालं. लई बारीक बघायलास तू.” पाटीवर ठोका पडला होता आणि खूण माझी होती. त्यांचा पंच त्यांच्या खिशातच होता. मी ग्राइंडर मागवून ती खूण घासून काढली आणि गाडी रिकामी परत गेली. अजूनही जेवायला बसताना माझा पंच माझ्या खिशात असतो. जोड चांगला असता तर काकांनी स्वतःचाच पंच ठोकला असता, हे काही केल्या घशाखाली उतरत नाही.