इचारून खाणारी आक्का

आमच्या आक्काला सगळ्या गल्लीत येडी म्हणत्यात, आणि म्हणणाऱ्यांचं काय चुकतंय असं मला तरी वाटत न्हाय. रविवारी सकाळी अख्खं कोल्हापूर पिशव्या घिऊन मटणाच्या दुकानापुढं हुबं ऱ्हातंय, घराघरातनं खोबरं भाजल्याचा वास सुटतोय, आणि ही बाई गॅसवर पिठलं ढवळत बसतीय. गळ्यात माळ हाय म्हणावं तर न्हाय. उपास हाय म्हणावं तर न्हाय. मटण आवडत न्हाय म्हणावं, तर गावाकडच्या यात्रंत हिला जेवताना बघा एकदा! पांढरा रस्सा वाटीनं न्हाय, तांब्यानं पिणार. नळी अशी वढणार की पंगतीतलं पावणं मान वर करून बघत्यात.

"मग दुकानातलं का चालत न्हाय गं तुला?" असं कुणी म्हटलं की तिचं एकच उत्तर. "त्याला कुणी इचारलंय व्हय?"

त्याला म्हंजे बकऱ्याला.

मी तानाबाई, तिची धाकटी बहीण. आक्काचं खरं नाव अंबूबाई, पर ते आता आधार कार्डावरच उरलंय. हे इचारायचं खूळ तिच्या डोक्यात घातलं आमच्या आबांनी. आमचं माहेर शाहूवाडीच्या डोंगरात. गावच्या म्हसोबाच्या यात्रंत पाण्याचा मान आमच्या घराकडं, म्हंजे आबांकडं. आमच्यात बकरं देवापुढं आणलं की लगीच सुरी चालवत न्हाईत. कुंकू लावायचं, हार घालायचा, मग मानकऱ्यानं तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर वतायचं आणि सगळ्यांनी गप हुबं ऱ्हायचं. बकऱ्यानं अंग झाडलं की ते कबूल झालं, देवानंबी घेतलं. झाडलं न्हाय तर कापायचं न्हाय.

ल्हानपणी आक्का आबांच्या धोतराला धरून हुबी असायची. एकदा रडायला लागली. "आबा, त्याला दुखंल की वो." आबा खाली बसलं आणि म्हणालं, "बाय, आपण इचारून खातो. ते हो म्हणालं तरच. लांडगा इचारतोय व्हय कधी?"

मीबी तितंच हुते. माझ्या ह्या कानानं आलं आणि त्या कानानं गेलं. आक्काच्या मात्र काळजात जाऊन बसलं. लगीन होऊन कोल्हापुरात आली, दाल्ला गेला, डबं करून देऊन पोरगं वाढवलं, पर दुकानातलं मटण कधी जिभंला लावलं न्हाय. डब्यासाठी रांधायची, मीठ बघायला शेजारणीला बोलवायची. यात्रंत मात्र पोटभर खाऊन निवांत झोपायची. मी चेष्टा करायची, "आक्का, नुसतं अंग झाडून काय हुतंय? बकऱ्याचा अंगठाच घेत जा की कागदावर." ती हसायची. तिच्या मनाला टोचणी म्हणून नव्हती. आपण इचारलंय, बास.

तिचा पोरगा सूरज हुपरीला चांदीच्या कामाला जातो, पैंजणं घडवतो. गेल्या पावसाळ्यात घरी येताना मोटरसायकल घसरली आणि मांडीचं हाड चुरलं. डॉक्टर म्हणालं, पाय वाचंल, पर चालंल का सांगता येत न्हाय. दवाखान्याच्या जिन्यात आक्कानं हात जोडलं. सासरचा देव न्हाय, माहेरचा म्हसोबाच आला तोंडात. "माझं लेकरू पायावर हुबं ऱ्हाऊ दे, बकरं देईन."

दिवाळीपतुर सूरज काठी घिऊन चालायला लागला. त्याचा देवाधर्मावर लई भरवसा न्हाय. "आई, पाय डॉक्टरनं बसवलाय. आत रॉड हाय."

"बसवला डॉक्टरनं," आक्का म्हणाली, "उठवला कुणी?"

सूरज काठी टेकत भाईर गेला.

यात्रा माघात ठरली. ठरवायला आमचा भाऊ कृष्णात कोल्हापुरात आला. आबा गेल्यापास्नं पाण्याचा मान आता त्याच्याकडं. आक्काच्या घरी आम्ही चहा पीत बसलेलो. सूरजची बायको शिवानी म्हणाली, "मामा, बकऱ्यानं लवकर अंग झाडलं न्हाय तर? पावणं ताटकळत बसत्यात की."

कृष्णात हसला. "आगं, न झाडून सांगतंय कुणाला? पाठीवर वतता वतता एक थेंब कानात सोडायचा. मग बाप झाडतंय त्याचा! आबांनीच शिकवलंय मला."

त्याच्या दृष्टीनं हे इस्त्री कशी करायची सांगितल्यासारखं हुतं. बशीतला चहा फुर्रकन वढला आणि मंडपाचं बोलायला लागला. मी आक्काकडं बघितलं. तिनं कप खाली ठेवला हुता आणि परत उचलला न्हाय.

"आबा कानात सोडायचं?" तिनं इचारलं.

"मग! सगळंच सोडत्यात."

त्या दिवसापास्नं ह्या बाईनं माझा जीव खाल्ला बघा. पहाट फुटायच्या आत फोन. "ताने, म्हंजे मी आजपतुर खाल्लं ते न इचारताच?" मी म्हणायची, "आगं, झोपू दे की मला! देवाला चालतंय, तुला काय हुतंय?" फोन ठेवायची आणि परत लावायची. "बाळंतपणात आबांनी रस्सा धाडला हुता, त्येबी तसलंच?" "सगळं तसलंच! आणि त्यावरच तुझा सूरज धष्टपुष्ट झालाय. ठेव आता." घरी जावं तर बाई एका जागी बसंना. भांडी घासलेलीच परत घासायची. दारात जायची, आत यायची, भिताडावरच्या आबांच्या फोटोपुढं हुबी ऱ्हायची आणि माघारी फिरायची. एकदा तो फोटो उलटा करून ठेवला आणि घटकाभरानं परत सरळ केला. शिवानी बिचारी सासूची समजूत काढायला गेली. "आत्या, आम्ही दुकानातलं न इचारताच खातो की. आम्हाला कुठं पाप लागलंय?"

"तुम्हाला ठावं हाय तुम्ही इचारलं न्हाय ते," आक्का म्हणाली. "मला वाटत हुतं मी इचारलंय."

यात्रा जवळ आल्यावर तिनं बार उडवला. "औंदा पाणी मी वतणार."

कृष्णात फोनवर असला वरडला की मला लांबनं ऐकू आलं. "बाईमाणसानं तांब्या धरायचा? गाव तोंडात शेण घालंल माझ्या!"

"आबांची लेक हाय मी. नवसबी माझाच हाय. पाठीवर वतणार, कानात न्हाय."

"आणि झाडलं न्हाय तर?"

"तर कापायचं न्हाय."

"पंगतीला काय वाढू मग? तुझं पिठलं?"

"वाढ की," म्हणाली आणि फोन ठेवला.

मला लई राग आला. आगं, न्हाय झाडलं तर नवस अडकतोय! म्हसोबा कडक देव. पोरगं आत्ता कुठं काठीवर आलंय, त्याचा पाय पणाला लावून ह्या बाईला खऱ्याखोट्याचा निवाडा करायचाय! तिच्या तोंडावर बोलले मी. "आक्का, बकऱ्यापायी पोराचा पाय घालवशील, सांगून ठेवते."

ती उठली. आत गेली, तेलाची वाटी घेतली आणि सूरजचा पाय चोळत बसली. चोळता चोळता हात थांबायचा तिचा. मग परत चोळायची. तवा मला कळलं की ही माझ्यापरास जास्त भ्यालीया.

यात्रंच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं, वाऱ्याचं नाव न्हाय. देवळामागं चुली पेटल्या हुत्या, खोबरं-तीळ वाटून तयार, कांदा-लसणाच्या चटणीचा खकाणा नाकात जात हुता. पावण्यांनी मंडप भरला हुता. कुरकुर करत का हुईना, कृष्णातनं तांब्या आक्काच्या हातात दिला. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी नाकं मुरडली, पर आमच्या आबांची, पिराजीची, थोरली लेक म्हणून ते गप बसलं.

आक्कानं पाठीवर पाणी वतलं. सगळं गप.

बकरं हुबं. गळ्यातला हार खायला लागलं.

परत वतलं. पाणी पोटाखालनं ठिबकून गेलं. बकऱ्यानं एक झेंडूचं फूल खाल्लं, मग दुसरं. मागनं कुणीतरी खोकललं. चुलीवरचा आचारी डोकावून बघून गेला. तिसऱ्यांदा वतलं, चौथ्यांदा वतलं, मग मी मोजायचं सोडलं. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "देवाचं कायतरी चुकलंय," कुणीतरी म्हणालं. "बाईचा हात लागला न्हवं का," दुसरं म्हणालं. कृष्णात दात खात आक्काच्या कानाशी आला. "दे इकडं. एक थेंब. कुणाला दिसत न्हाय."

आक्कानं तांब्या पोटाशी धरला.

मी सूरजकडं बघितलं. रॉड हाय, रॉड हाय म्हणणारा तो पोरगा, पांढराफटक पडला हुता. काठी गच्च धरलेली. "आई," तो बारीक आवाजात म्हणाला. "मामाला दे की तांब्या."

आक्कानं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या पायाकडं बघितलं. आणि तिचा हात हलला. पाठीवरनं मानंकडं, मानंवरनं कानाकडं. मी जवळच हुते, मला सपष्ट दिसलं. तांब्याचं तोंड कानावर आलं. माझ्या मनात काय आलं सांगू? वत बाई एकदाचं, सुटू दे सगळ्यांना.

न्हाय वतलं तिनं. हात परत माघारी घेतला, डोळं मिटलं आणि उरलंसुरलं पाणी पाठीवर वतून तांब्या उपडा केला.

बकऱ्यानं मान हलवली, आणि कानापास्नं शेपटापतुर असं अंग झाडलं की आक्काचं पातळ शिंतोड्यांनी भिजलं.

"म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" अख्खा मंडप वरडला. हलगी कडाडली. सूरज बसला तितंच आणि रडायला लागला. आणि आमची आक्का, खरं सांगते, ल्हान पोरीसारखी हसली. माझा हात धरून गदगदा हलवला. "ताने, इचारलं की गं मी! कानात न्हाय, काय न्हाय. आणि हो म्हणालं!" मलाबी रडू आलं. म्हटलं, सुटली बाई एकदाची.

बायकांची पंगत शेवटाला बसली. मी मुद्दाम तिच्या ताटात नळी घातली, पांढऱ्या रश्श्याचा तांब्या पुढं ठेवला. भाकरीचा तुकडा मोडला तिनं, रश्श्यात बुडवला, तोंडापतुर नेला आणि खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला.

"काय झालं गं आता?"

"कुणास ठाव," ती म्हणाली. "उतरंना."

"आता तर इचारलंयस की!"

"व्हय," म्हणाली. "म्हणून तर कळंना मला." नळी उचलून माझ्या ताटात घातली. मी खाल्ली. खोटं कशाला बोलू, चांगली झालती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णातच्या परड्यात आंघोळीला बसलो. लाकडं सगळी चुलीत गेलेली, बंब थंडगार. डोंगरातलं माघातलं पाणी ते, हात घातला तर बोटं आखडली. मी म्हटलं, थांब, गॅसवर हंडा ठेवते. आक्का दगडावर पाठ करून बसली हुती. रातभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा, पाठीवरनंबी कळत हुतं. "वत तसंच," म्हणाली.

मी वतलं.

मानंपास्नं कमरंपतुर थरारली ती. केसांचं पाणी माझ्या तोंडावर उडलं. मी हसले, "शिवशिव, म्हातारे, मला भिजवलंस की!"

ती हसली न्हाय. "अजून वत."

वतलं. परत तसंच अंग झाडलं तिनं.  आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. "ताने, झाडलं न्हवं मी अंग?"

"झाडलंस की."

"मग सांग मला. मी आत्ता कशाला हो म्हटलं?"

 मी तांब्या हातात धरून तशीच हुबी ऱ्हायले. तिच्या पाठीवरनं पाणी गळत हुतं, आणि माझ्या बोटांना कालच्या रश्श्याचा वास अजून येत हुता.