कूलरमधून उतरलेला पाहुणा

“बिचाऱ्याला गंभीर विज्ञानपट काढायचा होता. साधने नव्हती, म्हणून त्याने कूलरचे अंतराळयान केले. त्याचाही रंग चित्रीकरणाच्या तीन दिवसांत उन्हाने उडाला, आणि न ठरवता एक विनोदी चित्रपट तयार झाला.”

येत्या रविवारी नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या सभागृहात माझ्या मित्राचा चित्रपट पुन्हा दाखवणार आहेत. त्यासाठी छापलेल्या पत्रकातला हा मजकूर आहे. आयोजकांनी तो मोठ्या प्रेमाने लिहिला, हे मला मान्य आहे. प्रेमाने लिहिलेले खोटेही खोटेच असते. त्या पत्रकाप्रमाणे माझा मित्र भाबडा ठरतो, आणि तो गेल्या दिवाळीत वारल्यामुळे आता स्वतः उत्तर द्यायला येणार नाही. म्हणून मी देतो.

तो कूलर दुरुस्त करीत असे. होळी झाली की पिशवीत पाने-पेचकस आणि सायकलला खसचा, म्हणजे वाळ्याचा, भारा बांधून तो गल्लीत शिरे. कूलर उघडण्याआधी त्याच्या पत्र्यावर दोन बोटांनी टकटक करायचा, मान कलती करून ऐकायचा आणि मगच बोलायचा. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती यंत्राची चौकशी करता करता घराचीही करून घेतात. कोणत्या घरात पाहुण्याला कोणता पेला मिळतो, हे महालात त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते.

मी शाळेत चित्रकला शिकवीत असे. माझा कूलर दुरुस्त करताना एकदा त्याने पेच पिळत पिळत सांगितले, की लग्नानंतर तो भाड्याची खोली शोधत हिंडला होता. माणसे चांगली भेटली. बसा म्हणाली. मग आडनाव विचारले.

“सात घरी चहा भेटला, मास्तर,” तो म्हणाला. “खोली नाही भेटली.”

एवढे बोलून तो स्वतःच हसला आणि पंखा सुरू करून दाखवला.

चित्रपटाची कथा यातूनच आली. परग्रहावरून एक प्राणी नागपुरात उतरतो. त्याला भाड्याने खोली हवी असते. प्राणी मी झालो, कारण उंची माझी होती आणि हिरवा रंगही माझ्याच कपाटात होता. वैशाखात तो रंग चेहऱ्यावर लावून सात घरे हिंडणे म्हणजे काय, हे पत्रक लिहिणाऱ्यांनी एकदा अनुभवावे.

संवाद त्याने लिहिलेच नव्हते. ही सातही घरे त्याच्या गिऱ्हाइकांची होती. लग्नात वापरतात तसला कॅमेरा मागून आणलेला, तो खांद्यावर घेऊन तो घरमालकांना एवढेच सांगे, “खोली पाहाले माणूस आला असं समजा. नेहमी जे इचारता, तेच इचारा.”

त्यांनी तेच विचारले. माझा हिरवा चेहरा एकालाही खटकला नाही. डोक्यावरच्या अँटेनांकडे पाहून एकाने कौतुकाने विचारले, की यावर बातम्या लागतात का. चहा सातही घरी मिळाला. आणि सातही घरी, कोणी न शिकवता, कपबशी खाली ठेवताच तो प्रश्न आला. मी म्हणे, आमच्याकडे आडनाव नसते. एका काकूंना माझी मनापासून काळजी वाटली.

“आडनाव नाही, तं लगन कसे जुळतात बापा तुमच्यात?”

पहिला खेळ गल्लीतच झाला, संध्याकाळी, चादरीच्या पडद्यावर. कूलरमागून मी उतरलो तेव्हा मंडळी हसून लोटपोट झाली. पहिल्या घरी आडनाव विचारले तेव्हाही हसली. चौथ्या घरापासून हसू कमी झाले. सातव्या घरी काकूंचे वाक्य आले तेव्हा काकू स्वतःच सर्वांत मोठ्याने हसल्या, आणि मग त्यांनी पदर तोंडाशी धरला. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी त्याला कूलरसाठी बोलावले आणि नेहमीच्या वेगळ्या पेल्याऐवजी घरच्या कपात चहा दिला. त्याने मला मुद्दाम येऊन ते सांगितले, आणि कपावर फुले कोणत्या रंगाची होती तेही.

आता त्या यानाविषयी. ते मी रंगवले होते. दोन दिवस खपून, कडा बुजवून, असा चंदेरी हात दिला होता, की खाली कूलर आहे हे त्याच्या कारागिरालाही कळू नये. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी पोहोचलो, तर हा गृहस्थ पॉलिश पेपर घेऊन माझा रंग घासत बसलेला. मी संतापलो. तो शांतपणे घासत राहिला.

“रंग लय मस्त झाला, मास्तर. पण लोकायले वळखू आलं पाहिजे. नाही तं म्हणतील, हे दुसऱ्या गावचं हाय.”

हे वाक्य त्याचे नेहमीचे होते. माझ्या अँटेनाही त्याने त्याच कारणासाठी ओळखीच्या केबलच्या तारेच्या केल्या होत्या. पण त्या दिवशी मला ते झोंबले. माझे काम खरवडले गेले, हे सांगणे मला कमीपणाचे वाटले. कोणी विचारले की मी सांगू लागलो, उन्हाने रंग उडाला. तोही ते ऐके, आणि माझी लाज राखण्यासाठी मान डोलावी. म्हणजे पत्रकातल्या मजकुराचा मूळ लेखक मीच आहे. इतरांशी भांडण्यापूर्वी हे कबूल करणे प्राप्त आहे.

आता मी खरे सांगतो, तर आयोजक म्हणतात, मास्तर मैत्रीखातर बोलतात. ठीक. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तो कूलर त्याच्या मुलीने माझ्याकडे दिला आहे आणि तो माझ्या गॅलरीत उभा आहे. रविवारी खेळाआधी यावे आणि चारही बाजूंनी फिरून पाहावे. उघड्यावर तीन दिवस तो चारही बाजूंनी सारखाच तापला होता. त्याच्या तीन बाजूंवर माझा चंदेरी रंग आजही जसाच्या तसा आहे. पत्रा उघडा पडला आहे तो फक्त कॅमेऱ्याकडच्या बाजूचा.