फोटोपुरतं खोकं

"ही लॉन्ड्री काढून टाकूया. लोकांना त्यात रस नसतो."

विल्मा माझ्या कागदावर लाल पेनाने रेघ ओढत होती. उपासना नुकतीच संपलेली, चर्चच्या मागच्या खोलीत कॉफीची गर्दी. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातलं हे चर्च, दोन वर्षं मी इथे येतेय. विल्मा सत्तरीची, नाताळच्या भेटवस्तूंचं सगळं काम तीच बघते. एवढ्या मोठ्या बाईला नुसतं विल्मा म्हणताना अजून माझी जीभ अडखळते, पण इथे तसंच म्हणतात. आमचं बोलणं इंग्रजीत.

"आणि हे तुझ्या नोकरीचं? लायडनची लॅब वगैरे? ते शेवटी एका वाक्यात." पेन खाली सरकलं. मग तिने समासात स्वतः दोन वाक्यं लिहिली आणि मला वाचून दाखवली. 'आमच्याकडे काहीच नव्हतं. मग ते खोकं आलं.'

"साडी आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मोई," ती म्हणाली. म्हणजे छान. माझ्या दंडावर थोपटलं, गरीब गाईला थोपटावं तसं. आणि मी काय केलं? हसले. वर थँक यू म्हणाले. थँक यू! डोकं ठिकाणावर होतं का माझं?

चूक माझीच. दर नोव्हेंबरात ही मंडळी बुटांची रिकामी खोकी रंगीत कागदाने मढवतात. आत खेळणी, रंगपेटी, लोकरीची टोपी, दात घासायचा ब्रश. ती खोकी गरीब देशांतल्या मुलांना जातात. मागच्या रविवारी कॉफी पिता पिता मी बोलून गेले, "आमच्याकडेही यायची अशी खोकी." कशाला बोलले? दोन वर्षांत हवापाण्यापलीकडे माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, म्हणून. जरा आपलं म्हणतील, म्हणून. झालं! विल्माचे डोळे भरून आले. दोन आठवड्यांनी सगळ्यांसमोर साक्ष दे म्हणाली, आधी लिहून आण म्हणाली. मी दोन दिवस बसून लिहिलं. त्यातलं निम्मं आता लाल रेघांखाली होतं.

साक्ष म्हणजे काय ते मला शिकवू नका. मी नगरकडची. तिकडे चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आमच्या देवळात माणूस उठतो, जे भोगलं ते बोलतो, देवाचे आभार मानतो आणि खाली बसतो. आधी कोणी कागद तपासत नाही. माझी आई सगुणा, मिशनच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं लॉन्ड्रीत होती. ऑपरेशनच्या, बाळंतपणाच्या चादरी. थंडीत गार पाण्यात हात घालून घालून तिच्या बोटांची कातडी फाटायची. ती एकदाच साक्षीला उठली. "प्रभूने अंगात बळ दिलं, मी कामात अंग चोरलं नाही," एवढंच बोलली. मी तेव्हा दहावीत होते. खरं सांगते, मला लाज वाटली. शेजारी मैत्रिणी बसल्या होत्या आणि माझी आई कपडे धुणारी, हे आता सगळ्या देवळाला ऐकू गेलं होतं.

आणि ते खोकं. तेही सांगते.

मी नऊ वर्षांची. दवाखान्याच्या पटांगणात आम्ही चाळीसेक पोरं रांगेत उभी. सगळी तिथल्या कामगारांची. परदेशी पाहुणे आलेले, गळ्यात कॅमेरे. टेबलावर खोकी सहाच. बाकीची मागून येताहेत असं सांगितलं. पहिल्या पोराने खोकं घ्यायचं, हसायचं, फोटो झाला की मागच्याच्या हातात द्यायचं. माझी पाळी आली. झाकण जरा उचकटलं होतं, आत नारिंगी टोपी दिसत होती. फोटो झाला. मी खोकं सोडेना. दवाखान्याचे व्यवस्थापक, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. "सोड गं. झाला ना फोटो? भिकारड्यासारखं काय करतेस!" मराठीत म्हणाले, पाहुण्यांना कळू नये म्हणून. पाहुणे हसून माझ्याकडे हात हलवत होते.

मागून येणारी खोकी अजून येताहेत.

आठवडाभर मला चैन नव्हतं. सोमवारी लॅबमध्ये एका ट्रेमध्ये दोनदा तेच औषध घातलं, सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून केलं. संध्याकाळी लायडनहून परतताना एक स्टेशन पुढे गेले. प्रार्थनेला बसले तर प्रार्थनाच होईना. डोळे मिटले की समासातली ती दोन वाक्यं. आमच्याकडे काहीच नव्हतं. काहीच? मग माझी फी कोणी भरली? ती टोपी न मिळता मी थंडीत मेले का? आई कोण मग? आईला कुठे ठेवायचं?

बुधवारी तिला फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. चिडली नाही.

"त्या रांगेत तुला मीच उभी केली व्हती," ती म्हणाली.

"काय?"

"साहेबांनी सांगितलं व्हतं, ज्याची पोरं फोटूला येणार न्हाईत त्याने उद्यापासून कामाला येऊ नये. मंग मीच तुझी वेणी घातली. हस बरं का, म्हणून मीच सांगितलं तुला." मग हळूच विचारलं, "आन् माझं लॉन्ड्रीचं काम खोडलं व्हय त्या बाईनं?"

"हो."

"सगळंच?"

आईने मला कधी काही मागितलेलं नाही. आताही मागत नव्हती. पण ते 'सगळंच' ऐकलं आणि मला देवळातली तिची साक्ष आठवली. दहावीत मला जे खोडावंसं वाटलं होतं, तेच विल्माने लाल पेनाने खोडलं होतं. तिच्यात आणि माझ्यात काय फरक होता?

लहानपणापासून माझ्या डोक्यात बसलेलं की देव देणाऱ्यांच्या बाजूला असतो आणि घेणाऱ्याने हसून दाखवायचं असतं. त्या बुधवारी ते डोक्यातून निघालं. येशू सुतारकाम करायचा. त्याच्या हाताला घट्टे असणार, माझ्या आईसारखे. हे मला एवढी वर्षं कसं सुचलं नाही, देव जाणे.

रविवारी साडी नेसले नाही. लॅबला घालते तीच पँट, तोच स्वेटर. मागे मोठ्या पडद्यावर मुलांचे फोटो चालू होते. काळी, सावळी मुलं, हातात खोकी, सगळी हसणारी. विल्मा पहिल्या बाकावर. मी कागद खिशातून काढलाच नाही. मोडक्यातोडक्या डचमध्ये सुरुवात केली, राग आला तशी इंग्रजीवर घसरले.

"मला खोकं मिळालं नाही. फोटोपुरतं हातात दिलं आणि बोटं सोडवून काढून घेतलं. त्याच दवाखान्यात माझी आई अठ्ठावीस वर्षं रक्ताच्या चादरी धूत होती. तिचं नाव सगुणा. मी तिच्या कामावर वाढले." मग पडद्याकडे बोट दाखवलं. "यातल्या एका तरी मुलाचं नाव कोणाला माहीत आहे?"

एक म्हातारा खोकला.

"मग बंद करा तो पडदा."

कोणी हलेना. मी उभीच राहिले. शेवटी मागून कोणीतरी पडदा बंद केला.

कॉफीच्या खोलीत माझ्याभोवती जागा मोकळी झाली. विल्मा आली. लालबुंद झाली होती. "आम्ही हे प्रेमाने करतो. आमच्यावर एवढा राग असेल तर तू इथे येतेस तरी कशाला?"

"प्रार्थनेला," मी म्हणाले. "तुम्ही?"

ती कॉफीचा कप तसाच ठेवून निघून गेली.

विल्मा वाईट नाही, मला ठाऊक आहे. तिने रात्रंदिवस खपून त्या टोप्या विणल्यात. पण चांगल्या माणसांपुढे मान खाली घालण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आता बास झालं. हे देऊळ मी सोडणार नाही. देव त्यांच्याकडून उसना आणलेला नाही मी. दर रविवारी येणार, पुढच्या बाकावर बसणार. पुढच्या नोव्हेंबरात ते फोटो पुन्हा लावले तर पुन्हा उठणार. कोणी बोलावण्याची वाट बघणार नाही.